माहेरचा गाळ

निकेशच्या हातावर नर्सने निळ्या पेनाने पहिली रेघ मारली ती सोमवारी सकाळी, मनगटाच्या जरा वर. लाली जिथपर्यंत चढली असेल तिथे रेघ, दर सहा तासांनी नवी. दुपारची रेघ चार बोटं वर गेली. संध्याकाळची आणखी तीन.

"रेल्वेचे रूळ टाकतायत," निकेश म्हणाला. "खांद्यावर टेसन बांधनार वाटतं."

मला हसू आलं नाही. मी सारखी उठत होते, पाणी भरत होते, भरलेलं पाणी ओतून पुन्हा भरत होते. शल्यचिकित्सक बाईंनी मला दाराबाहेर बोलावून सरळ सांगितलं होतं: चार प्रतिजैविकं देऊन झाली, एकही लागू पडत नाही. रेघ कोपराच्या वर गेली तर बुधवारी हात काढायचा. उजवा हात. त्या हाताने निकेश जाळं विणतो, ढोलकी वाजवतो आणि मी रागावले की माझ्या डोक्यावर टपली मारतो.

जखम केवढी, तर नखाएवढी. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. ती तळहाताला लागली. मासा धरला होता माझ्यासाठीच. मला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून घ्यायचा होता, माझ्या महिन्याच्या नोंदीसाठी. रक्त आलं तेव्हा मी, "धड धरता पण येत नाही," असं म्हटलं होतं. ते वाक्य आता परत घेता येत नव्हतं.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी हर्षाली मोकल. खाडीकाठच्या बेचाळीस तळ्यांची आरोग्यसेविका, लोकांच्या तोंडी तळेताई. आमच्याकडे खाऱ्या बांधाच्या आत घरोघर तळं असतं आणि तळ्यात जिताडा. माशांना प्रतिजैविकं द्यायला बंदी आली त्याला दहा वर्षं झाली. त्याच सुमारास माझ्या हातात ते यंत्र आलं, ज्याला बायका चाखणी म्हणतात. लाटण्याएवढी नळी. माशाच्या अंगावरचा थर तिला पुसला की पाच मिनिटांत ती सांगते, माशाची प्रतिकारशक्ती जागी आहे की पेंगुळली आहे. तो थर म्हणजे माशाचं पहिलं कुंपण. जंतूंना मारणारी द्रव्यं त्यातच असतात. ती कमी दिसली की मासा आजारी पडण्याआधीच आम्ही खाद्य बदलतो, यीस्टचं सत्त्व घालतो, गर्दी कमी करतो, पाणी खेळतं ठेवतो. औषधाची पाळीच येत नाही. पाण्यात औषधाचा अंश असला तर तोही चाखणी पकडते. माझ्या बेचाळीस तळ्यांत दहा वर्षांत एकदाही लाल दिवा लागला नव्हता, आणि हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगत असे.

चाखणी एका जागी मात्र पोचत नव्हती. गाळात.

*

मंगळवारी सकाळी डॉक्टर शिरीन परकारांनी मला इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत बोलावलं. वयाने माझ्याहून लहान, बोलणं भराभर, टेबलावर अर्धा खाल्लेला बटाटवडा.

"ताई, निकेशभाऊंच्या जखमेतला जंतू व्हिब्रिओच्या कुळातला आहे. खाऱ्या पाण्यात असतोच तो. पण याच्याजवळ प्रतिकाराच्या जनुकांचं अख्खं गाठोडं आहे. असं गाठोडं एका दिवसात बांधलं जात नाही. कुठल्यातरी तळ्यात कोणीतरी वर्षानुवर्षं औषध टाकलंय."

मग त्यांनी समजावलं. औषधाने मासा बळकट होत नाही. दुबळे जंतू मरतात, आणि माशाच्या आतड्यातले सोबती जंतूही मरतात. त्या सोबत्यांबरोबर रोज झुंजूनच माशाची प्रतिकारशक्ती तयार राहते. ते गेले की तिची सवय मोडते, मासा पुन्हा आजारी पडतो, माणूस पुन्हा औषध टाकतो. औषधातून वाचलेले जंतू गाळात मुक्काम करतात. औषध महिन्या-दोन महिन्यांत विरून जातं, पाणी स्वच्छ दिसतं. गाळातलं गाठोडं तसंच राहतं आणि एक जंतू ते दुसऱ्याला देत राहतो.

"मग आता?" मी विचारलं.

"आता जंतुभक्षक. जंतूंना खाणारे विषाणू. माणसाला काही करत नाहीत. आमच्या साठ्यातले सगळे लावून पाहिले, एकही या जंतूला चिकटत नाही. चिकटणारा सापडेल तो जिथे हा जंतू सगळ्यात जास्त वर्षं राहिलाय तिथे. शिकार जिथे मुरलेली, शिकारी तिथेच असतो. मला उगमाचं तळं हवंय, आज."

त्यांनी पडद्यावर एक झाड उघडलं. गेल्या महिन्यात मीच बेचाळीस तळ्यांचा गाळ बाटल्यांत भरून पाठवला होता, एका पाहणीसाठी. प्रत्येक गाळातल्या जंतूच्या जनुकांत वर्षागणिक बारीक फरक पडतात. ते जुळवले की कोण कोणापासून निघाला आणि साधारण कधी, ते कळतं. जंतूंची वंशावळच म्हणा. एकोणीस तळी त्या झाडावर होती.

"भरतीच्या पाण्याने पसरलं म्हणावं, तर शेजारची तळी सुटलीत आणि दहा मैलांवरची सापडलीत. पक्षी म्हणावेत तर फांद्या नेमक्या माघ ते वैशाख याच काळात फुटतात. दरवर्षी. डोकं चालत नाही माझं."

माझं चाललं. नको तेवढं चाललं.

खारदेवळी, एकतीस साल, फेब्रुवारी. खारदेवळी म्हणजे माझं सासर आणि तो माझ्या लग्नाचा महिना. खारदेवळीतून पुढे चौतीसला एक फांदी: माझ्या नणंदेचं सासर. तिथून अडतीसला दोन: नणंदेच्या दोन नणंदांची सासरं. मी बोटाने पडद्यावर मागे मागे जात होते. यातल्या निम्म्या लग्नांत मी जेवले होते.

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरलं की तिच्या बापाच्या तळ्यात वीतभर जिताड्यांची जोडी वेगळी काढतात. पाठवणीच्या वेळी त्यातला एक जिवंत मासा कळशीत घालून मुलीबरोबर जातो आणि सासरच्या तळ्यात सोडतात. त्याला परकं वाटू नये म्हणून कळशीत माहेरच्या तळ्याचं पाणी असतं आणि तळाला ओंजळभर गाळ. जोडीतला दुसरा बापाकडे राहतो. दोघांनाही कोणी खात नाही. निकेशने धरला होता तो माझाच मासा, माझ्याबरोबर आलेला.

एकोणीस तळ्यांत गाळ असा गेला होता. हळद लावून, वाजतगाजत.

"मूळ मात्र या झाडावर नाहीच," शिरीन म्हणाल्या. "खारदेवळीच्या मागे कोणीतरी आहे. आणि हा एक नमुना बघा, बेचाळीस नंबर, बेलखार. यात खाऱ्या पाण्यातले जंतूच नाहीत. भातखाचरातला चिखल असावा तसा आहे. बाटली बदलली असेल का?"

बेलखार माझं माहेर. बेचाळीस नंबरचं तळं बाबांचं.

"बघून सांगते," मी म्हणाले आणि जिना उतरताना दोन पायऱ्या चुकले.

*

खरं सांगायचं तर मला पूर्वीच कळायला हवं होतं. माहेरी गेले की बाबा दारातच बाटली हातात द्यायचे, भरून, बूच लावून, भाजीच्या पिशवीबरोबर. "तुला कशाला चिखलात उतरवू, लेकी?" चाखणी तळ्यावर न्यायची म्हटलं की मासा आज खाली बसलाय म्हणायचे. मी दहा वर्षं कानाडोळा केला. परक्याच्या तळ्यावर मी पदर खोचून उतरायची, आणि बापाच्या तळ्याची नोंद ओट्यावर बसून चहा पिता पिता भरायची. सगळ्या नोंदी हिरव्या.

स्कूटरवरून बेलखारला जाताना मी मनातल्या मनात बाबांशी इतकं भांडले की पोचेपर्यंत निम्मा राग संपला होता. उरलेला निम्मा ओट्यावर त्यांना बघून परत आला. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. कोळंबी निवडत बसले होते.

"काय गो, एकटीच? जावयाचा हात कसा हाय?"

"बाबा, तळ्यात काय टाकलंत?"

"काय टाकनार? कोलंबी टाकतंय."

"बाटलीत शेतातला चिखल भरून दिलात. का?"

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा निवडायला लागला. "तुझा यंत्र काय पन सांगतंय," ते म्हणाले.

"बाबा, उद्या सकाळी निकेशचा हात कापतील."

आता मात्र सूप बाजूला ठेवलं गेलं. बाबांनी तोंडावरून हात फिरवला. कोळंबीचं कवच मिशीला चिकटलं ते त्यांना कळलंही नाही.

"तुझे लग्नाचे साली जोडी सडाया लागली," ते म्हणाले. "शेपटी पांढरी पडली. पंधरा दिवसांवर लगीन. पाव्हन्यांसमोर रिकामी कलशी नेऊ? कोंबड्यांवाल्याकडं पूड होती. कोलंबीचे पोटात भरून नऊ दिवस चारली. जगली जोडी."

"आणि मग?"

"मग तुझा तय सासरी गेला, यो हय राहिला. दर साली कायतरी व्हायचा याला. कवा डोला, कवा खवले. मी पूड द्यायचो."

"बंदी आल्यावर पण?"

"बंदी तुमची. जोडीतला यो मेला तर तय लेकीचा काय व्हतंय ते तुना माहीत नाय? तुझी आत्या आठव. तिचा मासा मेला आन् चार महिन्यांत परत आली ती, पांढऱ्या कपालानी. मी काय त्या माशासाठी करत होतो?"

बारा वर्षं हा माणूस माझा संसार टिकावा म्हणून चोरून एका माशाला औषध भरवत होता, आणि त्याच औषधाने माझ्या नवऱ्याचा हात चालला होता. मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. बाटल्या काढल्या आणि तळ्यावर गेले.

ते मागून आले. "नाव नको सांगू," म्हणाले. "खाडीतून आनला बोल. तला बुजवतील माझा. मासा मारतील. आन् तुझी नोकरी पन जाईल, पोरी."

हे सगळं खरं होतं. उगमाचं तळं ठरलं की पाणी काढून चुना टाकतात, सात वर्षं टाळं, मालकावर खटला. माझ्या हिरव्या नोंदी निघाल्या की मीही त्याच रांगेत. आणि हात वाचवायला नाव कशाला हवं? गाळ पुरे होता. काठावरून तीन बाटल्या भरताना मी मनात वाक्य जुळवलंसुद्धा: खाडीच्या तोंडाशी सहज भरून घेतला.

पाणी हललं. मधोमध एक रुंद पाठ वर आली, तांबूस डोळा उन्हात चमकला आणि मासा सावकाश खाली गेला. माझ्या माशाचा जोडीदार. त्याला काही माहीत नव्हतं.

*

"हेच ते!" दुपारी शिरीन जवळजवळ ओरडल्या. "हेच मूळ, ताई. कुठलंय?"

"जंतुभक्षक आहे का?" मी विचारलं.

"आहे, पण अगदी विरळ. वरचा गाळ ऊन खातो, त्यात विषाणू टिकत नाहीत. खोलातला हवा, अंधारातला. मासा जिथे बूड टेकून बसतो तिथला. कुठलंय हे तळं?"

"खाडीच्या तोंडाशी," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खाडीच्या तोंडाशी तळं नसतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी त्यांनी बाटलीवर तसंच लिहून घेतलं. खाली वॉर्डात रेघ कोपरापासून दोन बोटांवर होती. निकेश आता विनोद करत नव्हता. तापात त्याने मला विचारलं, "शुक्रवारी भारतीचा लगीन ना? आपल्याला आहेर घ्यायचा राहिला."

भारती म्हणजे बेलखारची, बाबांच्या शेजारची मुलगी. तिच्या बापाच्या तळ्यात बाबांच्याच तळ्यातली पिलं होती. शुक्रवारी तिची कळशी निघणार होती. तिच्यामागून वैशाख संपेपर्यंत आणखी सहा. मी एकेक नाव मोजत होते. प्रत्येक कळशी कोणीतरी हातात घेणार, आणि पुढे केव्हातरी कोणाच्या तरी तळहाताला जिताडा लागणार. मी बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. दहा वेळा लावला. शेवटी मी जिना चढून वर गेले आणि शिरीनना म्हणाले, "बेलखार. माझ्या बाबांचं तळं. मी खोटं बोलले."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माणसं पाठवू का तिथे?"

"त्या तळ्यात मासा कुठे बसतो ते फक्त बाबांना माहीत आहे. ते फोन घेत नाहीयेत."

आम्ही दोघी गाडीची किल्ली शोधत असतानाच खालून आरडाओरडा ऐकू आला. रखवालदार कोणालातरी अडवत होता. "आजोबा, चिखल घेऊन कुठं? लादी पुसलीय आताच!"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. बाबा होते. कमरेपर्यंत चिखलाने माखलेले, पंचा अंगाला चिकटलेला, भुवयांवर वाळलेला गाळ. ओहोटी साधून ते तळ्यात उतरले होते आणि बुडी मारून माशाच्या बिळात हात घातला होता. सत्तरीच्या माणसाने. दोन्ही हातांत कळशी होती. माझ्या लग्नातली. तिच्या गळ्याला तेव्हा आंब्याचा डहाळा बांधला होता, आज नुसती सुतळी होती.

"हिरामन घरत, बेलखार," ते रखवालदाराला मोठ्याने सांगत होते. सगळी ओपीडी ऐकत होती. "माझेच तल्यानचा हाय. पूड मीच टाकली. लिवून घ्या आन् वर जाऊ द्या. जावई हाय माझा आत."

*

खोलातल्या गाळात जंतुभक्षक खच्चून भरले होते. शिरीनच्या यंत्रांनी त्यांतले दोन निवडून वाढवले, गाळून स्वच्छ केले, आणि बुधवारी पहाटे सहाच्या सुमारास पहिली सुई गेली. रेघ तेव्हा कोपराला टेकली होती. शल्यचिकित्सक बाईंनी दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्या सहा तासांत मी इस्पितळाच्या आवारातल्या फरशा मोजल्या, दोनदा, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

दुपारी नर्सने पेन काढलं आणि ती थबकली. नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली पडत होती.

दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. हात राहिला.

शुक्रवारी भारती कळशीशिवाय सासरी गेली. तिची आजी रडली आणि मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. शनिवारी बेलखारच्या तळ्याचा बांध फोडला. मासा बाबांनी कोणाला काढू दिला नाही. स्वतः पागाचं जाळं टाकलं, स्वतः काठावर आणला, त्याच्या डोक्यावर एकदा हात ठेवला. मग मासा खड्ड्यात गेला आणि वर चुना पडला. इतकं विज्ञान शिकलेली मी, पण त्या क्षणी मीही निकेशला फोन लावला.

"जिवंत हाय," तो म्हणाला. "आठ बोटांचा. चालंल का?"

अहवाल लिहायचं काम माझ्याकडेच होतं, निलंबनाआधीचं शेवटचं. रविवारी मी निकेशच्या खाटेजवळ बसून तो भरला. उगम: बेचाळीस नंबर, बेलखार, मालक हिरामण घरत. नमुन्यांतील त्रुटी: दहा वर्षं मी तळ्यावर न जाता नोंदी केल्या. त्यापुढे रकाना होता, प्रसाराचं कारण. भरती, पक्षी, खाद्य, वाहन, इतर. मी 'इतर'वर बोट ठेवलं. बाबा खिडकीशी पाठ करून उभे होते.

मग मी लिहिलं: माझं लग्न.

निकेशने मान उंचावून वाचलं. बँडेजचा हात उशीवर होता, तो त्याने जरासा उचलला.

"माझा पन नाव घाल," तो म्हणाला. "ती कलशी तुझे बापसानी याच हातात दिलेली."

बाबा वळले. मी 'माझं लग्न'च्या खाली त्याचं नाव लिहिलं.